बॅचमध्ये साठ जण, पण विचारायचं कोणाला?

"मॅडम, ऑनलाइन बॅचमध्ये कोणाशी ओळखच होत नाही, असं एकटीनं शिकणं जमेल का?" नर्सिंगच्या मुली हे फार विचारतात, म्हणून एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मानेवाड्याकडची एक सिस्टर, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा होऊन बरीच वर्षं वॉर्डात काढलेली, आता पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे डिप्लोम्यानंतरची नर्सिंगची पदवी करत होती, थिअरीचे बरेच क्लास ऑनलाइन नि प्रॅक्टिकल हॉस्पिटलात. नाइट करून यायची, पोरांचे डबे करायची आणि ओट्यावर मोबाईल टेकवून लेक्चर ऐकायची, त्यात स्टॅटिस्टिक्स पार डोक्यावरून जायचं. एकदा ग्रुपवर विचारलं स्टँडर्ड डिव्हिएशन कसं काढतात, तर खाली दोन गुड मॉर्निंग आले नि फीची नोटीस. तेव्हापासून गप्पच. मला म्हणे, "पेशंटला रात्रभर धीर देते मी, पण मला येत नाही हे त्या लहान पोरींना कसं सांगू?"

म्हटलं, बाई, साठ जणांत प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी सांगेल. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्येच प्रयोग करून दाखवलंय हे, तुझा अपमान कोणी केला नाही. ग्रुप सोड, एकीलाच मेसेज कर, नि नुसतं मागू नको, तुला येतं ते दे पण.

तिनं नुकतीच पास झालेली एक मुलगी धरली, वॉर्डात ड्रिपचा हिशोब करताना हात थरथरायचे तिचे. ५०० मिली चार तासांत, मिलीला २० थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब, हे सिस्टरला तोंडपाठ. मुलगी गणितात हुशार. व्हॉइस नोट सुरू झाल्या, ड्युटीत जमतात त्या.

मग एका रात्री मुलीनं लिहिलं, झोप नाही, जगावंसंच वाटत नाही. सिस्टर एकटीच तिला सांभाळत बसली, मुलगी कोणाला सांगू नको म्हणाली होती ना. इथं मी कडक बोलले. मैत्रीण म्हणून ऐक, सोबत राहा, मरायचे विचार येतात का हे सरळ विचार, त्यानं ते वाढत नाहीत, पण असलं गुपित ठेवायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जीवाला लगेच धोका वाटला तर ११२, आणि घरच्यांना उठवायचं.

दोघींनी मिळूनच फोन लावला. घरच्यांना कळवलं, मुलीची ट्रीटमेंट चालू आहे, सिस्टर अधूनमधून ओपीडीत सोबत जाते. स्टॅटिस्टिक्सचा निकाल अजून लागायचाय.