निशाणा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. मी 27 वर्षांची, सुदामानगरात राहते, बँकेत आहे. क्लबात 10 मीटर एअर रायफल मारते, आता 50 मीटरला उतरायचंय. एक सीनिअर खेळ सोडताहेत, त्यांची जुनी अँशुट्झ 1413 (स्पर्धेची जर्मन रायफल) स्वस्तात मिळतेय. दुकानदार म्हणतो, त्यापेक्षा नवीकोरी देशी पॉइंट टू टू (.22 बोअरची रायफल) घ्या, वर दुर्बीण बसवून देतो. आईला दोन्ही नकोत. कोणती घेऊ? घरी सराव कसा करू? आणि हो, मी डावखुरी आहे, त्याने काही अडतं का? – के. प., इंदूर

उत्तर : अडतं, बेटा. जे पत्राच्या पहिल्या ओळीत हवं होतं, ते तू शेवटी जाता जाता लिहिलंस.

ती 1413 उजव्या हाताची असणार. डावीही निघत असे, पण आपल्याकडे क्वचितच दिसते. उजव्या रायफलीचा दस्ता उजव्या गालासाठी कोरलेला असतो आणि ग्रिपमध्ये अंगठ्याची खाच उजव्या तळव्याची. डाव्या खांद्याला लावलीस तर गालाखाली फुगवटा यायचा तिथे उतार येईल. डोळा पीप साइटच्या, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायच्या चकतीच्या, मागे यावा म्हणून तू मान वाकडी करशील, आणि वाकडी मान साठ गोळ्या टिकत नाही. दस्ता एक वेळ बदलता येईल, बोल्टचं, म्हणजे काडतूस भरायला मागेपुढे करायच्या दांडीचं, काय? तो उजवीकडे. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारताना, तुझा उजवा हात स्लिंगच्या पट्ट्यात आवळलेला, रायफलीचं वजन त्याच्यावर. प्रत्येक गोळीला तो हात सोडून बोल्ट उघडायचा, काडतूस ठेवायचं, पुन्हा हात बसवायचा. म्हणजे दर गोळीला पोझिशन नव्याने बांधायची. डावा हात वरून पलीकडे नेऊन चालवणारे आहेत, पण त्यांचा खांदा हलतोच. महूला मी फौजी पोरांना शिकवलं, त्यातले कितीतरी डावखुरे मुकाट उजवीकडून मारायचे, कारण सरकारी रायफल एकाच हाताची. तुझ्यावर तशी सक्ती नाही. फक्त एक बघून घे : दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेव, त्यातून दूरचा दिवा बघ आणि एकेक डोळा मीट. उजवा डोळा मिटूनही दिवा दिसत राहिला तर डावा डोळा जोरकस, मग डावीच रायफल हवी. उलटं निघालं तर मात्र कोचशी बोल.

एवढं सांगूनही ती 1413 नुसती बघायला जा. जुनी मॅच रायफल तपासायची कशी, हे हाताला कळायला हवं. बोल्ट काढून चेंबरच्या (काडतूस बसतं त्या पोकळीच्या) तोंडाशी टॉर्च मार. रिमफायरमध्ये, म्हणजे पॉइंट टू टूसारख्या रायफलीत, बारूद पेटवणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत असतो आणि फायरिंग पिन ती कड चेपते. कुणी रिकामी रायफल वर्षानुवर्षं टकाटक चालवली असेल, तर पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे बारीक खळगा पडलेला दिसेल. मग नळीचं पुढचं तोंड बघ. साफ करणाऱ्याने सळई पुढून घातली असेल तर तिथली कड एका बाजूने घासलेली असते. पीप साइट, पुढच्या रिंगा, हुक बटप्लेट (दस्त्याचा खांद्याला अडकणारा मागचा आकडा) सगळं जागेवर आहे ना, तेही मोज. सुट्या भागांचा खर्च नंतर डोळे पांढरे करतो.

खरी परीक्षा कागदावर. रेतीच्या पिशवीवर टेकवून 50 मीटरवर दहा गोळ्यांचा ग्रुप काढायचा, निदान तीन प्रकारच्या काडतुसांनी. दहाचं वर्तुळ 10.4 मिलीमीटरचं, गोळी 5.6ची, आणि रेषेला शिवलेली गोळी वरचा गुण घेते. म्हणजे भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत 16 मिलीमीटरच्या आत ग्रुप आला, तर ती नळी तुला दहा देऊ शकते. एकच नळी काडतुसांच्या एका लॉटला सोन्यासारखी वागते आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या लॉटला रुसते. म्हणून सगळी पुंजी रायफलीत घालू नकोस. काडतुसं, जॅकेट आणि स्लिंग यांच्यासाठी पैसे ठेव. काडतूस स्टँडर्ड वेगाचंच घे. आवाजाच्या वेगाहून जोरात सुटलेली गोळी वाटेत त्या वेगाखाली येताना डळमळते. हाय व्हेलॉसिटीचं खोकं बघून भुलू नकोस.

दुकानदाराची देशी रायफल? टिनाचे डबे पाडायला उत्तम. आणि दुर्बीण तर या खेळात चालतच नाही, 50 मीटरला पीप साइटनेच मारायचं असतं. खरगोनचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर किंवा 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेणारा आपल्या कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे, दोघेही थ्री पोझिशनवाले, म्हणजे गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून मारणारे. त्यांचे फोटो काढून बघ, रायफलीवर भिंग सापडायचं नाही.

आईला सांग, लायसन्स हाती आल्याशिवाय मी कुणाला बयाणाही देणार नाही. ‘चार दिवस घरी नेऊन बघ’ असं ते सीनिअर प्रेमाने म्हणतील, तरी नाही म्हण. तो शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, दोघांच्याही गळ्यात. कलेक्टर ऑफिसात अर्ज, पोलीस तपासणी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, असा तो रस्ता आहे. लायसन्स असलेल्यानेही लायसन्सवाल्याला शस्त्र विकायचं तर 45 दिवस आधी लेखी कळवावं लागतं. तोवर क्लबाची पॉइंट टू टू क्लबाच्या देखरेखीखाली मार. कोचला तुझी खांद्यापासूनची मापं घ्यायला लाव आणि डाव्या बोल्टच्या जुन्या रायफलीसाठी राज्याबाहेरच्या क्लबांतही शब्द टाकून ठेव. वर्ष गेलं तरी जाऊ दे.

घरच्या सरावाला तुझी एअर रायफलच बरी, तिच्यात ड्राय फायरची, म्हणजे रिकामा ट्रिगर दाबायची, सोय असेल तर. पुढे पॉइंट टू टू आली की तिच्यात डमी काडतूस घातल्याशिवाय ट्रिगर दाबायचा नाही, आणि खरी काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत, कुलपात. स्टँडिंगपेक्षा नीलिंगला, म्हणजे गुडघ्यावर बसून मारण्याला, जास्त वेळ दे. एअर रायफलवाल्यांना उभं राहणं येतंच, रडवतो तो गुडघा. घोट्याखाली ठेवायची गुंडाळी विकत आणायची घाई नको, जुन्या चादरीची घट्ट वळकटी करून आधी तुझी उंची कळू दे.