आधी बांधा, मग विचारा

प्रश्न : कुपवाडजवळ आमची ४२ घरांची कॉलनी आहे. दिवाळीच्या सुट्टीत तीन घरं फुटली, तेव्हा आम्ही रात्रगस्त सुरू केली. मी ६३ वर्षांचा, एसटीतून निवृत्त, म्हणून मलाच प्रमुख केलं. गेल्या महिन्यात रात्री अडीचला सहा-सात पोरांनी एकाला धरलं. नाव-गाव नीट सांगेना, म्हणून विजेच्या खांबाला बांधलं, थपडा मारल्या, व्हिडिओ काढला. मी घरी झोपलो होतो. सकाळी कळल्याबरोबर मीच ११२ ला फोन केला. तो एमआयडीसीतल्या फाउंड्रीत ओव्हरटाइम करून खोलीवर निघालेला बिहारचा कामगार होता. एक दात हलतोय म्हणतो. त्यानं तक्रार दिली आणि मला ठाण्यातून नोटीस आली. महिनाभर आधी मी ग्रुपवर लिहिलं होतं, ‘संशयित दिसला की आधी बांधा, मग विचारा.’ ते पुसून टाकू का? सहा तासांच्या आत पोलिसांकडे दिला, मग गुन्हा कसा? गस्त बंद करावी की नोंदणी करून घ्यावी?

उत्तर : काका, आधी तातडीचं. तो मेसेज पुसू नका. ४२ घरांच्या मोबाइलवर तो पडलेला आहे, तुमच्याकडून गेला तरी बाकी ठिकाणी राहणारच, आणि वर पुरावा नष्ट केल्याचं वेगळं कलम लागेल. पोरांना सांगा, व्हिडिओ स्टेटसवरून लगेच उतरवा, पुढे कुणालाही पाठवू नका, पण मूळ फाइल तशीच ठेवा. तपासात मागतील तेव्हा द्यायची.

आता ते सहा तासांचं. हा मुद्दा तुमच्या ग्रुपवर कुणीतरी अर्धा वाचून टाकलेला दिसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे साध्या नागरिकालाही अटक करता येते. पण कुणाला? एक तर फरार घोषित केलेल्या आरोपीला, नाही तर आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला. अशाला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. रात्री अडीचला रस्त्यानं चालणं हा गुन्हा नाही. नाव नीट न सांगणं तर नाहीच. चार अनोळखी पोरं टॉर्च तोंडावर मारत असताना मीसुद्धा अडखळलो असतो. मुळात धरण्याचाच अधिकार नव्हता, तिथे चार तासांत सोडला की सहा, यानं फरक पडत नाही. खांबाला बांधलं म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खालचा अन्यायकारक कैदेत ठेवण्याचा गुन्हा, आणि थपडांसाठी कलम ११५. दोन्हींना एक वर्षापर्यंत शिक्षा. पाचपेक्षा जास्त पोरं होती, म्हणून बेकायदा जमाव आणि दंगलीचं कलमही येऊ शकतं.

पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : दात हलतोय. दात मोडला किंवा निखळला, तर कायद्यानं ती ‘गंभीर दुखापत’ ठरते आणि शिक्षा थेट सात वर्षांपर्यंत जाते. त्यातून पाच किंवा जास्त जणांनी मिळून जन्मस्थान, भाषा, जात अशा कारणावरून हे केलं असं तपासात आलं, तर त्यासाठी कलम ११७ मध्ये स्वतंत्र पोटकलमच आहे. तेव्हा व्हिडिओत ‘ए बिहारी’ वगैरे ऐकू येतंय का, ते नीट ऐकून तुमच्या वकिलांना खरं सांगा. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशच्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली होती. वाट विचारण्यावरून सुरू झालेलं प्रकरण. तुमच्या पोरांना हे आठवत नसेल, पोलिसांना आठवतं.

तुमच्या अंगावर काय येतं? घरी झोपलेला माणूस बेकायदा जमावाचा घटक होत नाही, हा तुमचा भक्कम मुद्दा. त्या रात्रीचे तुमचे फोन, ११२ ला केलेल्या कॉलची वेळ, सगळं जपून ठेवा. कच्चा मुद्दा तो मेसेज. सरकारी पक्ष म्हणेल, ही चिथावणी आहे आणि पोरांनी शब्दशः तेच केलं. आपण म्हणू, मेसेज महिनाभर जुना, त्या माणसाबद्दल नव्हता, मारा असं त्यात कुठेही नाही. हा युक्तिवाद टिकेल असं मला वाटतं, पण सोपा नाही.

नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची असेल, तर दिलेल्या तारखेला हजर राहा. नोटिशीप्रमाणे वागणाऱ्याला सहसा अटक होत नाही. शिवाय तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या पुढच्या माणसाला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. मात्र दाताचा दाखला ‘गंभीर’ असा आला, तर हे कवच जातं. त्यातून जन्मस्थान-भाषेवरून जमावानं मारल्याचं ते अजामीनपात्र पोटकलम लागलं, तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवा.

गस्त बंद करू नका. पण नोंदणीनं अधिकार मिळतील या भ्रमात राहू नका. संस्था नोंदवली तर वर्गणीच्या पावत्या आणि बँक खातं सरळ होईल, इतकंच. पोलीस अधीक्षकांनी स्थापन करायच्या ग्रामरक्षक दलाची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६३-ब मध्ये आहे, पण ती गावांसाठी. तुमची कॉलनी सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत असेल, तर तुम्ही कायद्याच्या नजरेत साधे नागरिकच.

म्हणून ठाण्यात गस्तीवाल्यांची नावं, पत्ते, पाळ्या लिहून द्या आणि पोच घ्या. एक वही ठेवा. बीट अंमलदार फेरीला आले की वेळ टाकून त्यांची सही घ्या. कोर्टात ही वही तुम्हाला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल. हातात टॉर्च आणि शिट्टी. काठ्या नकोत : सणासुदीला, निवडणुकीला जिल्ह्यात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) चा मनाई आदेश लागू असतो आणि त्यात लाठी-काठीही बसते. ‘पोलीस’ लिहिलेली जाकिटं कुणी शिवली असतील तर आजच काढून टाका. अनोळखी दिसला तर लांबून टॉर्च, शिट्टी, ११२, गाडीचा नंबर. कुणी खरंच कुलूप तोडताना सापडला तर धरा, पण पकडून ठेवण्यापलीकडे हात चालवू नका.

राहिला समझोता. मारहाण आणि कैदेची कलमं तक्रारदाराच्या संमतीनं मिटवता येतात. दंगलीचं कलम तसं मिटत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या तरी वाचतील. पण पोरांना घेऊन त्या कामगाराच्या खोलीवर जाऊ नका, माफी मागायलासुद्धा नाही. आठ जण दारात उभे राहिले की त्याला ती धमकीच वाटेल. वकिलांमार्फत निरोप पाठवा, आणि पहिल्याच निरोपात दाताच्या उपचाराचा खर्च आणि बुडलेली हजेरी यांचा आकडा विचारा.