गिअरबॉक्सच्या हाउसिंगला (बाहेरच्या धातूच्या कवचाला) तडा गेलाय. एम-सील लावून चालवू की उतरवून नीट करून घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकरा वर्षांची हॅचबॅक, फोंड्याहून येताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात खाली दगड लागला, तेव्हापासून गिअरबॉक्सखाली तेल ठिबकतंय आणि चालताना बारीक ‘कुंई’ आवाज येतोय. एक मिस्त्री 1,500 रुपयांत एम-सील लावून देतो म्हणतो, दुसरा मिस्त्री गिअरबॉक्स उतरवायचे 28,000 सांगतो.

आज दोघांनाही हो म्हणू नका. दोघांनीही आत पाहिलेलं नाही. आणि तुम्हीही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लिहिलेली नाही: तेल गळत असताना गाडी किती किलोमीटर चालवलीत?

हे विचारतोय कारण मी स्वतः पोळलोय. माझ्याकडे बरीच वर्षं पिकअप होती. बेळगावहून भाजी आणायची, डिचोली आणि म्हापशाच्या बाजारात टाकायची. रस्ता चोर्ला घाटाचा. जाताना गाडी रिकामी, येताना भरलेली. म्हणजे चढ हलका आणि उतार जड. एका जूनमध्ये घाटात रस्त्यावर आलेला दगड खालून टण्णकन लागला. गाडी चालत होती, वरून पाऊस, मागे कोबी. थांबलो नाही. डिचोलीत पोचून वाकून पाहिलं तर गिअरबॉक्सचं बूड ओलंचिंब. मिस्त्रीने पेट्रोलने पुसलं, पॉलिश पेपर मारला, एम-सील मळून थापलं, दुसऱ्या दिवशी नवं ऑइल भरलं. ऑइल धरून हजारभर रुपये झाले असतील. खोटं कशाला बोलू, काम छान केलं होतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवायचो, सकाळी पुठ्ठा कोरडा.

आवाज मात्र होता. मी टेप मोठा केला.

गणेश चवथीच्या आधीचा आठवडा, भाजीला मरणाची मागणी, गाडी नेहमीपेक्षा जास्तच भरलेली. सुर्ल्याच्या पुढच्या उतारावर दुसरा गिअर सटकला. इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला आणि गाडी सुटली. ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा ना. दोन वळणांत लायनिंगचा जळका वास आला. पुन्हा दुसरा टाकला, डाव्या हाताने दांडा मागे ओढून धरला आणि एका हाताने स्टिअरिंग सांभाळत केरीपर्यंत आलो. अंजुणे धरणाजवळ थांबलो तेव्हा तळहातावर दांड्याच्या मुठीचा वळ उमटला होता.

गिअरबॉक्स उघडला तेव्हा मी गॅरेजात स्टुलावर बसून बघत होतो. बाहेरचं एम-सील जसंच्या तसं, नखाने खरवडूनही निघेना. आत बेअरिंगचा पिंजरा फुटून गोळ्या तळाशी, आणि त्यांच्या तुकड्यांनी दुसऱ्या गिअरच्या दातांची कोनं गोल केलेली. फिटरने शाफ्ट (गिअर ज्यावर बसतात तो रॉड) धरून हलवून दाखवला. बिजागरी सैल झालेलं दार हलतं तसा हलत होता. बिल 31,000. जूनमध्येच उघडला असता तर एक बेअरिंग, सील आणि वेल्डिंग, एवढ्यावर सुटलो असतो. नुकसान झालं होतं ते दगडाच्या जागेपासून डिचोलीपर्यंतच्या प्रवासात. एम-सीलने ते फक्त झाकलं.

असं का होतं ते समजून घ्या. आपल्या छोट्या गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सहसा तेलाचा पंप नसतो. खालचे गिअर तेलात बुडून फिरतात, तेल वर उडवतात, आणि वरची बेअरिंगं त्या शिंतोड्यांवर जगतात. हॅचबॅकमध्ये एकूण तेल दोन लिटरच्या आसपास, आणि डिफरन्शियलही (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा भाग) त्याच डब्यात. त्यातलं लिटरभर गेलं की गाडी चालत राहते, तक्रारही फारशी करत नाही, पण वरची बेअरिंगं कोरडी फिरायला लागतात. इंजिन ऑइलचा दाब पडला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. इथे दिवा नाही.

म्हणून मिस्त्रीकडचं पहिलं काम ड्रेन प्लग (तेल काढायचा खालचा बोल्ट). फक्त विम्याचा क्लेम करणार असाल तर कंपनीचा माणूस पाहून गेल्यावरच, ते शेवटी सांगतो. मिस्त्रीला सांगा, तेल माझ्यासमोर स्वच्छ पांढऱ्या डब्यात काढ. आलेलं तेल मोजा. दोन लिटरच्या जागी दीड आलं तर जीव भांड्यात पडू द्या. अर्धा लिटरच आलं तर बेअरिंग गेलं असं धरून चाला. बहुतेक प्लगला चुंबक असतो. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असणं चालतं, इतक्या वर्षांत तेवढी झीज होणारच. बोटांत चोळल्यावर टोचणारे चमकते तुकडे लागले तर मात्र उघडावाच लागेल. तेल उन्हात धरल्यावर सोनेरी भुकटी चमकली तर ते पितळ, म्हणजे सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) रिंगा झिजल्यात. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून प्लगवर शोधू नका. आणि तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर खड्ड्यातलं पाणी आत गेलंय. अशा तेलावर एक दिवसही गाडी चालवायची नाही.

गाडीत तेल पुरेसं असेल तेव्हाच, जागेवर उभी ठेवून आवाजही तपासता येतो. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवा. आवाज येतोय आणि क्लच दाबल्यावर थांबतो, तर इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून फिरणाऱ्या शाफ्टचं) बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच येतो, तर क्लचचं रिलीज बेअरिंग (पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणारं), त्याचा या दगडाशी संबंध नाही. पुढचे दोन आवाज चालत्या गाडीतले, ते आठवून पाहा, त्यासाठी गाडी चालवू नका. कुठल्याही गिअरला, अगदी न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळतानाही वेगाबरोबर वाढतो, तर डिफरन्शियल किंवा चाकाचं बेअरिंग. फक्त दुसरा टाकताना कर्रकन वाजतं, तर सिंक्रो. तुमचं वर्णन वाचून मला बेअरिंगची शंका जास्त येते, पण ‘कुंई’ या एका शब्दावर मी पैज लावणार नाही.

आता तड्याकडे. जागा पाहा. खालच्या सपाट भागात, बेअरिंगच्या घरापासून लांब केसासारखी रेघ असेल, प्लग स्वच्छ असेल आणि गाडी घर ते बाजार एवढीच चालणार असेल, तर एम-सीलला मी नावं ठेवणार नाही. फक्त तेल पूर्ण काढून, जागा खरोखर कोरडी करून लावायला हवं. आतून तेल पाझरत असताना वरून थापलं तर ते चार दिवसांत सालीसारखं सुटतं. पण तडा बेअरिंगच्या बैठकीकडे, बोल्टच्या कानाकडे किंवा दोन हाउसिंग जुळतात त्या कडेकडे जात असेल तर ते सोडा. तिथे नुसती गळती थांबवून भागत नाही, शाफ्ट सरळ धरून ठेवण्याचा जोर त्या जागेवर असतो.

अशा वेळी आर्गन वेल्डिंग (आर्गन वायूच्या आवरणात करतात ते), तेही गिअरबॉक्स पूर्ण रिकामा करून. अ‍ॅल्युमिनियमच्या या हाउसिंगने तेल शोषलेलं असतं. नीट धुऊन, तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून, खाच करून भरावं लागतं. भोक नाही पाडलं तर तडा पुढे सरकतो. उष्णतेने हाउसिंग वाकू शकतं, म्हणून नंतर बेअरिंगची जागा मोजायला हवी. माझं काम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत झालं. नवं हाउसिंग घेतलंत तर एकच अर्धा बदलून चालेल का ते आधी विचारा, काहींचे दोन्ही अर्धे एकत्रच बोअर केलेले (बेअरिंगची भोकं पाडलेले) असतात.

28,000 वाल्या मिस्त्रीला विचारा, नुसतं उतरवून उघडून दाखवायचे किती? मग यादी लिहून घ्या. मजुरीचा मोठा भाग उतरवण्या-चढवण्याचाच असतो, म्हणून एकदा उतरला की क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील तिथेच पाहून घ्या. सहा महिन्यांनी क्लचसाठी तीच मजुरी पुन्हा कशाला? ऑइल जीएल-4 की जीएल-5 (गिअर ऑइलचे दोन दर्जे), ते गाडीच्या पुस्तिकेत बघून भरा. ‘भारीतलं आहे’ म्हणून जीएल-5 ओतणारे असतात. त्यातली काही तेलं पितळी रिंगा खातात. आणि आवाज बंद करायला गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालणारी जुनी जमात अजून नामशेष झालेली नाही. गाडी विकेपर्यंत गप्प राहते, एवढाच भुशाचा उपयोग.

एक गोष्ट दोन्ही मिस्त्री सांगणार नाहीत. तुमचा विमा फुल असेल, नुसता थर्ड पार्टी नसेल, तर दगड लागून हाउसिंग फुटणं हा अपघात आहे, त्याचा क्लेम होतो. अकरा वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, तरी अर्धे पैसे अर्धेच असतात. पण तेल गळतंय हे माहीत असून पुढे चालवल्याने आत जे झिजलं ते कंपनी देत नाही. म्हणून आधी कंपनीला कळवा, तड्याचे आणि खाली सांडलेल्या तेलाचे फोटो काढा, कंपनीचा सर्व्हेयर (नुकसान पाहणारा माणूस) येऊन जाईपर्यंत कुणालाही पान्हा लावू देऊ नका. ड्रेन प्लगची तपासणीही त्याच्यानंतरच. एम-सील आधी लावलंत तर सर्व्हेयरला काय दाखवणार?

तोवर गाडी सुरू करून ‘थोडीशीच’ गॅरेजपर्यंत नेऊ नका. टोइंगवाल्याला पुढची चाकं उचलून न्यायला सांगा, नाहीतर ओढताना आतलं सगळं कोरडंच फिरेल. प्लग काढलात की त्याचा आणि काढलेल्या तेलाचा उजेडातला फोटो इथे टाका, बेअरिंग की रिंगा ते बघून सांगतो.