गोदाकाठचं पातं आणि शहामृगाचे मणी

प्रश्न : ताई, आमचं रान पैठणच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठी आहे. तुरीत खुरपताना मुलाला बोटाच्या पेराएवढं, धारदार गारेचं पातं सापडलं. चित्र काढून पाठवलंय. आदिमानव गुहेत राहायचा, तिथं त्याची हत्यारं आणि मण्यांच्या माळा सापडतात, असं त्याच्या पुस्तकात आहे. मग अजिंठा-वेरूळच्या गुहांत असं काही मिळालं का?
– एक वाचक, पैठण तालुका

उत्तर : आधी गुहांचं सांगते. अजिंठा-वेरूळची लेणी माणसानं डोंगर कोरून केलेली आहेत. त्यांतली सगळ्यात जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. शिकार करून, कंदमुळं वेचून जगणारी माणसं त्याच्याही हजारो वर्षं आधीची. शिवाय आपला दगड काळा बेसाल्ट. हाडं टिकतात ती चुनखडीच्या गुहांत, म्हणून आंध्रातल्या कर्नूलच्या गुहांचं नाव मोठं. श्रीलंकेतल्या फा-हियेन गुहेत तर हाडाची बाणाग्रं सुमारे ४८,००० वर्षांपूर्वीची निघाली, सोबत शिंपल्याचे मणीही. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे छोटे शंख मिळाले. त्यांच्या भोकांच्या कडा दोऱ्यानं घासून गुळगुळीत झाल्या आहेत. म्हणजे ते कुणीतरी खूप दिवस अंगावर घातलेले.

पण माळेसाठी इतक्या लांब जायला नको. मी कन्नडची. आमचा घाट उतरला की चाळीसगावच्या बाजूला पाटणे आहे. तिथं गुहा नाही, उघड्यावरचीच जागा. पुरातत्त्वज्ञ स. आ. साळी यांनी १९७२-७३ मध्ये तिथं उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले आणि आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरलेला कवचाचा तुकडाही. वय सुमारे २५,००० वर्षं. होय, आपल्याकडं तेव्हा शहामृग होते!

असा एक मणी करायचा म्हणजे काय, ते मला फार मोलाचं वाटतं. कवच जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचं. त्याचे बारके तुकडे करायचे, गारेच्या टोकानं मधोमध भोक पाडायचं (इथंच निम्मे तुकडे फुटत असतील), मग दोरीत ओवून सगळे मिळून दगडावर घासायचे, गोल होईपर्यंत. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातले सान लोक आजवर असेच मणी करत आले आहेत. एवढी मेहनत ज्याच्यानं पोट भरत नाही अशा वस्तूसाठी! वर्गात हे सांगताना दर वर्षी माझा आवाज जड व्हायचा.

आता तुमच्या पात्याकडं येते. माझे आजोबा चकमकीनं बिडी पेटवायचे. गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि शेवरीचा कापूस घेऊन बसायचे. गार बोथट झाली की तिची कपची उडवायचे आणि म्हणायचे, “पोरी, आधी कड बघावी, मग ठोका घालावा.” तेच इथं बघा. ठोका बसतो तिथं आतल्या बाजूला छोटा फुगवटा येतो, आणि पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा बारीक लाटा दगडावर उमटतात. नदीत घरंगळून फुटलेल्या गोट्यावर हे असं नीट, ओळीनं क्वचितच दिसतं. तुमच्या मुलानं पाठीवर सरळ कणा आणि दोन्ही बाजूंना समांतर धारा काढल्या आहेत. चित्र बरहुकूम असेल, तर ते सूक्ष्मास्त्र, म्हणजे आदिमानवाचं दगडाचं बारकं हत्यार, असण्याची मला दाट शक्यता वाटते. अशी पाती एकटी वापरत नसत. लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकानं ओळीनं बसवली, की बाणाचा काटा किंवा कापायचं हत्यार तयार व्हायचं.

पातं धुऊन घासू नका आणि कुणाला विकू नका. कागदात गुंडाळून वर गट नंबर आणि सापडल्याची जागा लिहा, मग पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि उन्हाळ्यात नांगरट झाल्यावर मुलाला त्याच बांधाजवळ फिरू द्या, फक्त उकरू देऊ नका. त्याच रंगाची, बाजूंनी लांबट पन्हळी पडलेली गार दिसली तर मला लगेच लिहा. ती गाभ्याची गार असेल, म्हणजे जिच्यातून पाती उडवतात ती. मग पातं कुणीतरी तुमच्याच रानात बसून काढलेलं असेल.