पहिल्या ट्रेकची खरेदी

दुकानात शिरण्याआधी आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा' हे पुस्तक मिळवा. सह्याद्रीत वाट कशी निवडायची ते आधी कळू द्या.

पैसे घालायचे ते बुटांवर. खोल खाचांचा तळ हवा आणि माप अर्धा नंबर मोठं, नाहीतर उतरताना अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. नवे बूट आठवडाभर शहरातच वापरा. शिवाय ३ लिटर पाणी, शिट्टी आणि हेडटॉर्च (मोबाइल धरला की एक हात अडकतो). जीन्स घरीच, भिजली की लवकर वाळत नाही. तंबू, दोर आत्ता नकोच.

गडावरच्या टाक्यात भांडी धुऊ नका, तेच पाणी मागून येणारे पितात. उन्हाळ्यात चूल टाळा. आणि डिओ मारून जाऊ नका: त्या वासाने कड्यावरचं आग्यामोहोळ उठलं की पळायला जागा नसते.