बेट शेतात कसं आलं?

प्रश्न : बाई, माझा भाचा शिकायला नेदरलँड्समध्ये आहे. सुट्टीत तो स्खोकलंड नावाच्या बेटावर सायकलने जाऊन आला. बेटावर सायकल कशी गेली रे, म्हटलं तर म्हणतो, "मामा, चारी बाजूंना शेतीच आहे." हे कसं काय? आपल्या खारजमिनीसारखंच आहे का ते?
– एक वाचक, सारसोळे, नवी मुंबई

उत्तर : भाचा खरं बोलला. मुलीकडे गेले होते तेव्हा मीही ते बेट पाहिलंय. उत्तर टोकाला जुन्या बंदराचे लाकडी धक्के आहेत आणि त्यांच्या खाली गवत आहे. होडी लागायची तिथे गवत. मी घणसोलीची, खाडीकाठी वाढलेली. ते बघून माझ्या पोटात कसंतरीच झालं.

पूर्वी तिथे झाउडरझे नावाचा खारा, उथळ आणि वादळी समुद्र होता. स्खोकलंड ही त्यातली एक अरुंद पट्टी. जमीन पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची. ती भुसभुशीत, लाटांनी कापली जाणारी. लोक मातीचे उंचवटे रचून त्यांवर घरं बांधत आणि किनाऱ्याला लाकडी खुंटांची भिंत घालत. उत्तरेला कॅथलिक, दक्षिणेला प्रोटेस्टंट, आणि दोन्हीकडे गरिबी सारखीच. १८२५ च्या वादळात चर्चही गेलं. १८३४ मध्ये बांधलेलं चर्च आजही उभं आहे. शेवटी १८५९ मध्ये राजा तिसरा विल्यम याच्या हुकमाने बेट रिकामं केलं. साधारण साडेसहाशे माणसं काम्पेन, फोलेंडाम अशा गावांत पांगली. बहुतेक घरं पाडली गेली. बंदर आणि दिवा सांभाळणारी थोडी माणसं तेवढी मागे राहिली.

१९१६ मध्ये मोठा पूर आला आणि कोर्नेलिस लेली या अभियंत्याची जुनी योजना सरकारने उचलून धरली. २८ मे १९३२ ला ३२ किलोमीटरचा बांध पुरा होऊन समुद्राचं तोंड बंद झालं. आत राहिलं ते आयसलमेर, आणि त्याचं पाणी हळूहळू गोडं झालं. पुढे त्यातल्या एका मोठ्या तुकड्याला बांध घालून पंपांनी पाणी उपसलं. १९४२ मध्ये तो तळ कोरडा पडला. सुमारे ४८ हजार हेक्टर! स्खोकलंड त्यातच सापडलं. आज भोवती बटाटा आणि कांदा पिकतो, आणि बेट म्हणजे सपाटीतला झाडांचा एक उंचवटा.

आता तुमचा खारजमिनीचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खारं पाणी अडवून केलेल्या शेतीचा प्रश्न. नातं आहे, पण एक फरक फार मोठा आहे. आपली उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं फळीचं दार, पंपाशिवाय चालते. तिची फळी खाडीच्या बाजूला उघडते. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं आणि भरतीला खाडीच तिला दाबून बंद करते. अमावास्येच्या उधाणाला माझे वडील कंदील घेऊन बांधावर जायचे, फळीच्या कडेने बोटं फिरवून पाणी झिरपतंय का बघायचे. एकदा रात्री "खांड गेली!", म्हणजे बांध फुटला, अशी ओरड झाली आणि अख्खा गाव चिखलाचे गोळे घेऊन धावला. तरी खारं पाणी शिरलंच. त्या वर्षी आमच्या शेतात भात झाला नाही.

आपली शेतं ओहोटीच्या पातळीपेक्षा उंच असतात म्हणून उघाडी चालते. तिकडचा तळ मात्र समुद्रसपाटीहून काही ठिकाणी चार-पाच मीटर खाली आहे. तिथे फळी उघडली तर पाणी आत येईल, म्हणून पंप आजतागायत चालू आहेत. आपल्या नवी मुंबईतल्या धारण तलावांची कल्पनाही डच पद्धतीवरून घेतली असं सांगतात, पण काम उघाडीचंच: भरती असताना पावसाचं पाणी तलावात थोपवायचं, ओहोटीला खाडीत सोडायचं.

बेटाचं पुढे काय, हेही सांगते, कारण मला तेच लागून राहिलंय. पाणी गेलं आणि पीट सुकू लागलं. सुकलेलं पीट आकसतं, त्यामुळे बेट आता खचतंय. मातीत जपलेले जुने अवशेषही हवा लागली की कुजतात. १९९५ मध्ये नेदरलँड्समधलं पहिलं जागतिक वारसास्थळ म्हणून नोंदलेली ही जागा वाचवायला तिथल्या लोकांनी बेटाच्या कडेच्या शेतांत पुन्हा पाणी मुरवलंय. ज्या पाण्याने गाव उठवलं, त्याच्याच ओलाव्यावर आता ते टिकतंय.

नव्या जमिनीवर देशभरातून निवडून शेतकरी आणले आणि मधल्या मुख्य गावाला एमेलोर्ड नाव दिलं. ते बेटाच्या उत्तर टोकावरच्या गावाचं नाव. दक्षिणेच्या एन्सचंही तसंच. नाव राहिलं, माणसं दुसरी. आपल्याकडे भातशेतीवर सेक्टर उभे राहिले, पण सारसोळे, करावे, दिवाळे ही गावं आपल्या माणसांसकट जागेवर आहेत. मी हे मोठं समजते.

भाच्याला शेजारच्या उर्कलाही पाठवा. १९३९ पर्यंत तेही बेटच होतं. पाणी गोडं झाल्यावर तिथल्या कोळ्यांनी धंदा सोडला नाही, ते उत्तर समुद्रात जाऊ लागले. किनाऱ्यावर समुद्राकडे बघणाऱ्या बाईचा पुतळा आहे आणि जवळ बुडालेल्यांची नावं. त्याने ती सावकाश वाचावीत.

आणि तुम्ही घरच्या मुलांना एखादी उघाडी दाखवा. अमावास्येनंतरची ओहोटी गाठा, पाणी फळीला कसं ढकलतं ते दिसेल. मात्र बांधावरूनच बघा. तो चिखल मोठ्या माणसालाही गुडघ्यापर्यंत धरून ठेवतो.