रडू आलं नाही म्हणून पश्चात्ताप खोटा का?

यावेळी बरीच पत्रं आलीत पण त्यातली तीन अशी आहेत की वाचून बाजूला ठेवता येईनात, म्हणून या अंकात तेवढीच घेतो.

प्रश्न : मी माझ्या मुलावर फार ओरडते. रात्री तो झोपला की प्रार्थनेला बसते, रडते, देवाची माफी मागते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गेल्या महिन्यापासून तर रडूही येत नाही. माझा पश्चात्ताप खोटा आहे का? देव कंटाळला असेल का मला?

ताई, सगळ्यात आधी तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर देतो कारण तेच तुम्हाला जास्त खातंय असं वाटलं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की तुझा भाऊ दिवसातून सात वेळा चुकला आणि सात वेळा येऊन म्हणाला मला पश्चात्ताप झालाय, तर त्याला क्षमा कर. एका दिवसात सात वेळा! आपल्यासारख्या चटकन वैतागणाऱ्या माणसांकडून जो एवढी अपेक्षा करतो तो स्वतः तुमच्या तिसाव्या खेपेला दार लावून घेईल का? नाही लावणार.

आता रडण्याचं. आपल्याकडे पश्चात्ताप म्हटलं की डोळ्यातलं पाणी असंच डोक्यात बसलंय, मराठी शब्दातच ताप आहे ना, नंतर होणारी जळजळ. पण नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे मेटानोया, म्हणजे मन बदलणं, आणि जुन्या करारातले संदेष्टे त्यासाठी जो हिब्रू शब्द वापरतात तो शूब, त्याचा अर्थ तर अगदी साधा, मागे फिरणं, चुकीच्या रस्त्याने गेलेला माणूस वळून परत येतो तसं. वाईट वाटणं त्यात येतंच, पण नुसतं वाईट वाटून माणूस वळतोच असं नाही.

येशूला पैसे घेऊन शत्रूंच्या हाती देणारा त्याचाच शिष्य, यहूदा इस्कार्योत, त्याचं बघा. मत्तय २७ नीट वाचलं की मला दरवेळी पोटात कालवतं. त्याला पस्तावा झाला, त्याने तोंडाने कबूल केलं की मी निर्दोष माणसाला धरून दिलं, आणि चांदीची ३० नाणीसुद्धा परत नेऊन दिली. दुःख, कबुली, भरपाई सगळं झालं. फक्त गेला कुणाकडे तर मुख्य याजकांकडे, आणि ते म्हणाले आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. तिथून तो एकटाच निघून गेला आणि त्याने स्वतःचा जीव घेतला. त्याच रात्री दुसरा शिष्य पेत्र यानेही मी त्याला ओळखत नाही म्हणत येशूला तीनदा नाकारलं होतं, तोही मोठ्या दुःखाने रडला होता, पण पुढे योहान २१ मध्ये काय होतं, मेलेल्यांतून उठलेला येशू पहाटे किनाऱ्यावर उभा, आणि होडीत असताना "प्रभू आहे" एवढं कानावर पडल्याबरोबर हा गडी कमरेला अंगरखा गुंडाळून सरळ पाण्यात उडी टाकतो, किनारा साधारण दोनशे हात लांब, होडी येईपर्यंत थांबायचीही तयारी नाही. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटलेला असतो. मुख्य याजकाच्या अंगणात ज्या विस्तवापाशी शेकत त्याने येशूला नाकारलं होतं तोही कोळशाचाच, योहानाने दोन्हीकडे तोच शब्द वापरलाय आणि अख्ख्या नव्या करारात तो शब्द या दोनच ठिकाणी येतो. तिथे येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. का रडला नाहीस, पुन्हा चुकणार नाहीस ना, असलं काही विचारत नाही. आणि शेवटी म्हणतो, माझ्यामागे ये. त्याच सरोवराच्या काठी जाळी टाकत असताना जी हाक पहिल्यांदा दिली होती तीच पुन्हा. म्हणून मला वाटतं शिष्यपण आणि पश्चात्ताप ही दोन वेगळी खाती नाहीतच, वळलेला माणूस वळल्यावर चालू लागला की तेच शिष्यपण. लूकच्या ९ व्या अध्यायात वधस्तंभ उचलून मागे या म्हणताना त्याने "दररोज" असा शब्द घातलाय, म्हणजे हे एकदा करून मोकळं होण्यातलं नाही हे त्याला माहीतच होतं.

तर ताई, रडू येत नाही ते सोडून द्या. एक मात्र करा. तुमचा सगळा पश्चात्ताप मुलगा झोपल्यावर होतोय, म्हणजे ज्याला लागलं त्याला पत्ताच नाही. यापुढे ओरडलात तर तो जागा असताना त्याच्याशेजारी जाऊन बसा आणि सांगा, बाळा, मघाशी मी ओरडले, ते चुकलं माझं. "पण तूही ना..." हे पुढे जोडू नका. आणि आठवडाभर लक्ष ठेवा की ओरडणं नेमकं कोणत्या वेळी होतं, सकाळच्या घाईत की दमून आल्यावर. लूक १३ मध्ये अंजिराच्या झाडाचा दाखला आहे, तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक तोडायला सांगतो तर माळी म्हणतो एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. मुळाशी खणायचं म्हणजे हेच.

प्रश्न : मी चर्चच्या मंडळीत वीस वर्षं सेवा करतोय. आयुष्यभर दारू आणि भांडणं केलेला एक माणूस परवा आला, देवाने आपल्याला कसं बदललं याची त्याने साक्ष दिली तर सगळे उभे राहिले. माझ्यासाठी कधी कुणी उभं राहिलं नाही. मला राग येतो आणि रागाची लाजही वाटते.

दादा, मोकळेपणाने लिहिलंत ते फार बरं केलंत. माझा धाकटा भाऊ घर सोडून गेला होता, सहा वर्षांनी परत आला त्या दिवशी सगळे त्याच्याभोवती बसलेले आणि मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो, घासून झालेली पुन्हा घासत होतो, कारण हात पुसले असते तर बाहेर जाऊन बसावं लागलं असतं. त्यामुळे थोरल्या भावाची बाजू मला कुणी समजावून सांगायला नको.

उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे वाटणी घेऊन गेलेला धाकटा सगळं उधळून परत येतो, बाप मेजवानी देतो आणि घरी राबलेला थोरला रुसतो ती गोष्ट, येशूने कधी सांगितली ते लूक १५ च्या सुरुवातीलाच आहे. परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारे आणि शिकवणारे लोक, कुरकुरत होते की हा पाप्यांना जवळ करतो, त्यांच्या पंगतीला बसतो. म्हणजे ऐकणारे निम्मे लोक थोरलेच होते. आणि बाप त्या दिवशी दोनदा घराबाहेर आलाय हे आपण विसरतो, एकदा धाकट्याला बघून धावत आणि दुसऱ्यांदा थोरल्याची समजूत घालायला, जेवण चालू असताना उठून. थोरला म्हणतो "हा तुमचा मुलगा", भाऊ म्हणत नाही, आणि बाप हळूच दुरुस्त करतो, "हा तुझा भाऊ". त्याच्या आधी बाप म्हणतो, बाळा, तू तर नेहमी माझ्याजवळच आहेस, जे माझं ते सगळं तुझंच. ते अक्षरशः खरं होतं, वाटणी आधीच झाली होती, उरलेलं शेत याचंच.

तुमची वीस वर्षं कुणी मोजली नाहीत असं समजू नका. पण त्या माणसाला एकदा स्वतःहून भेटा, त्याची साक्ष संपल्यानंतरचे दिवस फार अवघड असतात आणि वीस वर्षं टिकून कसं राहायचं हे त्याला मंडळीत तुमच्याइतकं कोण सांगणार?

प्रश्न : विश्वासात यायच्या आधी मी नोकरीच्या ठिकाणी हिशोबात फेरफार करून पैसे घेतले. मालक आता वारले. देवाने क्षमा केली म्हणजे विषय संपला ना?

देवाशी तुमचा विषय संपला, हो. मालकाच्या घरच्यांशी नाही संपला.

यरीहोचा जक्कय आठवा, मुख्य जकातदार, बुटका, उंबरावर चढलेला. येशूने त्याला आधी हिशोब विचारला नाही, म्हणाला खाली ये, आज तुझ्या घरी उतरायचंय. क्षमा अशी आधी चालत आली आणि मग जक्कय स्वतः उभा राहून म्हणाला, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. जुन्या करारातल्या मोशेच्या नियमशास्त्रात आपणहून कबूल करणाऱ्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच सांगितलंय, चौपट हे मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. याने मोठं माप स्वतःला लावून घेतलं. सक्ती नव्हती, घरात पाहुणा कोण आलाय हे कळलं होतं.

आणि मालक वारले तर काय, याचाही विचार तिथे झालेला आहे. त्याच नियमशास्त्रातल्या गणना या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात लिहिलंय की ज्याचं नुकसान झालं त्याच्या जवळच्या नातलगाला द्यावं, नातलगच नसेल तर ते परमेश्वराचं. तेव्हा त्यांची पत्नी, मुलं कुठे आहेत ते शोधा. एकरकमी जमत नसेल तर हप्त्याने द्या, पण किती घेतले तो आकडा आधी कागदावर लिहा, अंदाजे नको. गुपचूप पाकीट टाकून येऊ नका, भेटून सांगा. जाताना पाळकांना किंवा भरवशाच्या एखाद्या मित्राला सोबत न्या. ते लोक चिडतील, कदाचित तक्रारही करतील, तो त्यांचा हक्क आहे. जायच्या आदल्या दिवशी मला कळवा, मी त्या वेळी प्रार्थनेत असेन.